चौथी ओळ

गेणूनानांना कुणाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही, हे गावाला फार वर्षांपासून ठाऊक होतं आणि गावानं त्याचा पुरेपूर फायदा घेतला होता. सोसायटीच्या सभेला माणसं भरत नसली की नानांना बोलवा. मोडलेल्या सोयरिकीचा निरोप न्यायला कुणी धजत नसलं की नानांना पाठवा. आणि पंचनाम्याला पंच हवा असला, मग तो जळालेल्या कडब्याचा असो की विहिरीत पडलेल्या म्हशीचा, नानांची सही ठरलेली. साठीला आलेला माणूस, चार एकर द्राक्षबाग, शब्दाला पक्का. पण समोरच्यानं "तेवढं करा की नाना" म्हटलं की तोंडून "बरं" निघून जायचं. त्यांची बायको ठमाबाई म्हणायची, चोरानं शिडी धरायला सांगितली तरी हे धरतील, वर "संभाळून चढ" म्हणतील.

अशा माणसाला दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत व्हिडिओ गेमचा नाद लागला.

झालं असं, की त्या वर्षी नानांची द्राक्षं परदेशी जायची होती. त्याआधी मण्यांत फवारणीचं औषध किती उरलंय याचा लॅबचा रिपोर्ट यायला हवा होता, आणि तो यायचा होता मेलवर. मेल बघायची सोय नारायणगावात प्रतीक्षाच्या कॉम्प्युटर सेंटरात. प्रतीक्षा चोवीस वर्षांची, बीएस्सी झालेली. वडिलांच्या जुन्या शिलाईच्या दुकानात तिनं पाच कॉम्प्युटर मांडले होते. भिंतीवर फळी, फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि टेबलाखाली यूपीएस, जो लाइट गेली की केविलवाणा ओरडायचा. लाइट रोज जायची. नाना रोज दुपारी शेअर जीपनं यायचे, "आला का?" विचारायचे आणि आला नसला तरी बसून राहायचे. लगेच उठून जाणं त्यांना बरं दिसत नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून प्रतीक्षानं गेम लावला. तिचा भाऊ रत्नदीप चाकणला कंपनीत होता, त्यानं सीडी आणून दिली होती. पडद्यावर डोंगर, धुकं, दगडी घरांचं एक गाव, आणि अंगावर फाटका झगा घातलेला एक माणूस उभा.

"ह्यो कोन?" नानांनी खुर्ची जवळ ओढली.

"हा मीच, नाना. म्हणजे जो चालवेल तो."

"कुटं चाललाय?"

"नेऊ तिकडं. सिनेमासारखं नाही हे. कुणाशी काय बोलायचं, कुणाला मारायचं, कुणाला सोडायचं, सगळं आपण ठरवायचं."

"आन चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. त्याचं जे व्हायचं ते होतं आणि गोष्ट तशीच पुढं जाते."

नाना बराच वेळ त्या माणसाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला देतीस का चालवायला?" आयुष्यात त्यांनी स्वतःहून काही मागितल्याची ही दुसरी-तिसरी वेळ असेल.

माणसाला नाव द्यायचं होतं. नानांनी 'पावणा' असं सांगितलं, कारण जिथं जाईल तिथं तो परकाच असणार होता. प्रतीक्षानं ते इंग्रजी अक्षरांत टाकलं आणि पावणा चालू लागला.

चालू लागला खरा, पण नाना खेळायचे ते जगावेगळंच. पहिल्याच घरात एक पेटी होती. "उघडा," प्रतीक्षा म्हणाली, "आत खायला असतं, कधी तलवार असते."

"पेटी कुणाची?"

"घरवाल्याची. पण तो काही बोलत नाही. सगळे घेतात."

"सगळे घेत्यात म्हनून ती त्याची ऱ्हात न्हाई व्हय?" नाना पेटीला शिवले नाहीत. दुसऱ्याच्या रानातली औषधी मुळी उपटायलाही ते तयार होईनात. त्यामुळं बाकीचे खेळणारे जेव्हा चिलखत घालून राक्षसांची खांडोळी करत असतात, तेव्हा नानांचा पावणा हातात काठी घेऊन उपाशीपोटी फिरत होता आणि दर कोल्ह्याकडून मार खात होता. प्रतीक्षाला हसू आवरत नसे. नानांची तक्रार वेगळीच होती.

"काय गावं हायत ही. मानूस लांबनं चालून आला, त्याला पानी इचारायचं सोडून सांगत्यात काय, तर तळघरातले उंदरं मार. पावन्याला कुनी काम सांगतं का? अजून एका घरात त्याला पानी मिळालेलं न्हाई."

रिपोर्ट आला, चांगला आला, द्राक्षं खोक्यांत बसून बंदराकडं गेली. नाना मात्र येतच राहिले. घरी "मेल बगायचाय" म्हणून सांगायचे. ठमाबाईनं एकदा विचारलं, की हा मेल म्हणतात तो रोज बघितला नाही तर नासतो का. नाना "बरं" म्हणाले आणि चपला घालून निघाले.

गंमत अशी, की नानांना इंग्रजी येत नव्हतं. गेममधलं कुणी बोललं की खाली उत्तराच्या ओळी उमटत, त्यातली एक निवडायची. प्रतीक्षा ओळी मराठीत वाचून दाखवी, नाना डोळे मिटून विचार करत आणि बोट वर करून सांगत, "दुसरी." भारनियमनाच्या धाकानं दर पाच मिनिटांनी ती खेळ सेव्ह करून ठेवी. सेव्ह म्हणजे काय हे कळल्यावर नानांनी एक वेगळाच उद्योग सुरू केला. एक ओळ निवडायची, काय होतं ते बघायचं, मग मागं जाऊन दुसरी निवडायची. जिंकण्यात त्यांना रस नव्हता. माणसाला एक वाक्य बोललं तर तो काय करतो आणि दुसरं बोललं तर काय, याचं त्यांना विलक्षण कुतूहल. एका पुलावरच्या पहारेकऱ्याशी ते दोन दुपारी बोलत होते.

मार्चच्या शेवटी समन्स आलं.

त्याची गोष्ट तीन वर्षं मागची. नानांचा चुलतभाऊ चिमाजी, शेजारचाच मळा. त्याच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर चोरीला गेली. आठ दिवसांनी हवालदारानं नानांना हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. बाकावर चिमाजी बसलेला, समोर लिहून तयार असलेला पंचनामा. मोटर म्हणे तुळशीदासच्या दुकानामागं सापडली होती. तुळशीदास मोटारी भरून देणारा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार गुंडाळणारा. त्याच्या दुकानामागं वीस-वीस मोटारी पडलेल्या असायच्या, अर्ध्या तालुक्याच्या. नानांनी त्या दिवशी ना दुकान बघितलं, ना मोटर. हवालदार म्हणाला, "नाना, तेवढी सही." चिमाजी काही म्हणाला नाही, नुसतं बघितलं. त्याच्या वर्षभर आधी ठमाबाईच्या पोटातलं आतडं पिळलं होतं, तेव्हा याच चिमाजीनं स्वतःच्या मुलीचा साखरपुडा सोडून तिला जीपमध्ये घालून पुण्याला नेलं होतं. नानांनी चहा संपवला आणि सही केली. भीड पडली, दुसरं काय.

आता समन्सवर तारीख होती एकोणीस एप्रिल, जुन्नरचं कोर्ट. चिमाजी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. "माझ्याच जीपीतनं जाऊ. दुसरा पंच तर वारला, तवा तुझ्यावरच हाय समदं. वकील इचारतील, सही तुमची का, तुमच्या समोर घडलं का. व्हय म्हनायचं. दोन शब्दांचं काम."

"बरं," नाना म्हणाले.

त्या आठवड्यात पावणा काळ्या पाण्याच्या गावात पोचला. या गावाच्या विहिरीचं पाणी एका रात्रीत काळं पडलं होतं. गावाबाहेर कावळा पाळणारी एक म्हातारी राहायची, तिनं चेटूक केलं असं गावाचं म्हणणं. राणीचा न्यायाधीश आलेला, पण साक्षीदार नाही. गावच्या मुखियानं पावण्याला बाजूला घेतलं: तू परका, तुझ्यावर विश्वास बसेल, तू सांग की त्या रात्री तिला विहिरीपाशी पाहिलंस. पावणा तर गावात दुसऱ्या दिवशी आला होता.

योगायोग म्हणा. पण खरं सांगायचं तर त्या गेममध्ये असले पेच गावोगाव होते आणि नानांनी ते मजेत सोडवले होते. हा टोचला, कारण टोचायला जागा तयार होती.

प्रतीक्षानं वाचलं. "पहिली ओळ: होय, मी तिला पाहिलं. दुसरी: पाहिलं, पण अंधार होता. तिसरी: साक्ष दिली तर मला काय मिळेल?"

नानांनी डोळे मिटले नाहीत. ते पडद्याकडं बघत होते. जन्मभर द्राक्षाच्या ओळी मोजत आलेला माणूस; अक्षर कळलं नाही तरी ओळी कळतात.

"चार हायत," ते म्हणाले.

"काय?"

"वळी चार हायत. तू तीनच वाचल्यास."

प्रतीक्षानं माउसवरचा हात काढला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "चौथी तुमच्या कामाची नाही, नाना."

"का?"

"उद्धट आहे. मुखिया म्हातारा माणूस, त्याला असं... तुम्ही असं बोलणारच नाही. म्हणून सोडली."

"आजून कदी सोडल्यास?"

ती विचार करू लागली आणि तिची तिलाच लाज वाटली. पुलावरच्या पहारेकऱ्याशी बोलताना सोडली होती. उंदीर मारायला सांगणाऱ्या बाईशी बोलताना. जवळजवळ दर वेळी शेवटची एक ओळ असायची, नकाराची, आणि ती बहुधा फटकळ असायची. वडिलांच्या वयाच्या माणसाला ती मोठ्यानं वाचून दाखवायला तिची जीभ रेटत नव्हती. "बऱ्याच वेळा," ती म्हणाली.

नाना खुर्चीत मागं टेकले. राग त्यांना आला नव्हता. "म्हंजी म्हयनाभर मी ठरवत व्हतो, ते तू आदीच ठरवून ठिवत व्हतीस."

"सॉरी, नाना. तुमच्याकडं बघून कुणालाही तसंच वाटलं असतं."

हे ती सहज बोलून गेली. नानांना ते वर्मी लागलं. त्यांच्या मनात टपरीवरचा बाक आला, हवालदाराचं पेन आलं. त्याही दिवशी एक चौथी ओळ असणार, आणि ती कुणीच वाचून दाखवली नव्हती, कारण सगळ्यांना खात्री होती की हा माणूस ती घेणार नाही. स्वतः नानांनासुद्धा.

"वाच," ते म्हणाले.

प्रतीक्षानं घसा साफ केला. "मी काही पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं सांगायला मी तुझा नोकर नाही, म्हाताऱ्या."

"म्हाताऱ्या हाय त्यात?"

"आहे."

"तेवडं वगळता येत न्हाई व्हय?"

"नाही. ओळ आहे तशीच घ्यावी लागते."

त्या दिवशी नानांनी ती घेतली नाही. आधी पहिल्या तिन्ही घेऊन बघितल्या, दोन दुपारी लावून. तिन्हींत म्हातारीला पिंजऱ्याच्या गाडीत घालून नेलं. पहिलीत गावानं जेवण घातलं आणि मुखियानं पावण्याला तलवार दिली. विहिरीचं पाणी मात्र तिन्ही वेळा काळंच राहिलं. मग एकदाचं प्रतीक्षानं मागं जाऊन खेळ लावला, नानांनी चार बोटं वर केली आणि डोळे घट्ट मिटले, जणू मार बसणार होता.

साक्षीदार नाही म्हणून न्यायाधीशानं म्हातारीला सोडलं. ती कावळा घेऊन निघून गेली, पावण्याकडं वळूनसुद्धा न बघता. आणि गाव बंद झालं. पाववाली बाई पाव देईना, लोहार दार उघडेना. मुखियाच्या तोंडी एकच वाक्य उरलं: "तुझं-माझं काही बोलणं नाही." विहिरीचं पाणी काळंच.

"मग पानी काळं केलं कुनी?" नानांनी विचारलं.

प्रतीक्षालाही ते माहीत नव्हतं. तिनं इंटरनेटवर शोधलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं या एकाच गोष्टीवर पानंच्या पानं भांडत होती. कुणी म्हातारीला दोषी धरत होतं, कुणी मुखियालाच. एकानं तर गेमच्या फायली उघडून बघितल्या होत्या.

"त्यात काहीच नाही, नाना. कुणी केलं ते लिहिणाऱ्यानं लिहिलेलंच नाही."

"म्हंजी त्यालाबी ठाव न्हाई."

"त्यालाही नाही."

म्हातारी निर्दोष निघेल आणि आपण तिला वाचवलं असं होईल, अशी नानांची आशा होती, आणि ती आशा या लिहिणाऱ्यानं साफ धुळीला मिळवली होती. तरी चौथी ओळ खोटी झाली नव्हती. म्हातारी कशीही असो, पावण्यानं तिला पाहिलं नव्हतं. एवढंच त्या ओळीत होतं, 'म्हाताऱ्या' सोडून.

मग त्यांनी तिला समन्सचं सांगितलं. टपरी, पंचनामा, चिमाजीची जीप, सगळं. प्रतीक्षा ऐकत राहिली.

"मग तुम्ही काय बोलणार?"

"ह्या पावन्याचं बरं हाय, पोरी," नाना म्हणाले. "गाव बंद झालं तर त्याला फुडचं गाव हाय. मला फुडचं गाव न्हाई."

प्रतीक्षानं खेळ सेव्ह करून ठेवला.

एकोणीस तारखेला सकाळी चिमाजीनं जीप दारात आणली. वाटेत तो यात्रेच्या गोष्टी बोलत होता, बैलगाडा शर्यतीच्या घाटाला, म्हणजे गाडे पळवायच्या धावेला, यंदा मुरूम टाकायचा होता. नाना "हां, हां" करत होते. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी त्यांच्या हातात पंचनाम्याची प्रत दिली, वाचून घ्या म्हणाले. तीन वर्षांत नाना तो पहिल्यांदा वाचत होते. 'आम्ही पंचांनी समक्ष पाहिले की, दुकानाच्या मागील बाजूस गोणपाटाखाली निळ्या रंगाची मोटर झाकून ठेवलेली असून तिच्या पत्र्यावर छिन्नीने खाडाखोड केल्याचे दिसते.' नानांना नवल वाटलं. किती बारकाईनं पाहिलं होतं त्यांनी. गोणपाटसुद्धा.

पुकारा झाला. नाना पिंजऱ्यात उभे राहिले. समोर न्यायाधीश, खाली टायपिस्ट, एका बाकावर तुळशीदास, हाताच्या बोटांवर व्हार्निशचे डाग. मागच्या बाकावर चिमाजी, टोपी मांडीवर.

"पंचनाम्यावरची ही सही तुमची का?"

"व्हय."

"यात लिहिल्याप्रमाणे मोटर तुमच्या समक्ष जप्त केली, हे खरं का?"

टायपिस्टनं 'होय' टाकायला बोट आधीच उचललं होतं. नानांना ते दिसलं. सगळ्यांनी आपापल्या मनात ओळ वाचून ठेवली होती. नानांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तसली.

"न्हाई," नाना म्हणाले.

टायपिस्टचं बोट तसंच राहिलं.

"मी मोटर बगितली न्हाई, सायेब. त्या दुकानामागंबी गेलो न्हाई. सही टपरीवर केली."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला, मग साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासाची परवानगी मागितली. 'फितूर' हा शब्द नानांना गालफडात बसल्यासारखा लागला. आरोपीशी संगनमत केलंत का? न्हाई. कुणी दबाव आणला का? न्हाई. तुम्हाला वाचता येतं ना?

"येतं."

"मग न वाचता, न बघता सही का केलीत?"

"भीड पडली, सायेब."

आता न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाची?"

हे मात्र पावण्याला कुणी विचारलं नव्हतं. नानांनी मागच्या बाकाकडं बघितलं. चिमाजी टोपीची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

"माझ्या चुलतभावाची," नाना म्हणाले. "त्यानं माझी बायकू वाचीवली व्हती. पर त्यानं 'कर' म्हनलं न्हाई. केलं मीच."

न्यायाधीशांनी खडसावलं. अशा सहीनं माणूस तुरुंगात जातो, हे ठाऊक आहे का, म्हणाले. नानांनी मान खाली घातली. ते खरंच होतं, आणि ऐकून घेण्यासारखं होतं. टायपिस्टनं खडखड करत ओळ टाकली.

बाहेर आले तेव्हा जीप गेली होती. नाना एसटी स्टँडकडं चालू लागले, तर मागून तुळशीदास धावत आला आणि पाया पडायला वाकला.

"उपकार झाले, नाना."

नानांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "मी तुज्यासाटी न्हाई बोललो. तू मोटर घेतली का न्हाई घेतली, ते मला आजबी ठाव न्हाई."

तुळशीदास बोटांवरचे डाग चोळू लागला. मग म्हणाला, "चोरली न्हाई, नाना. पर चोरीची व्हती का, ते मलाबी तवा ठाव नव्हतं. लोकं आनून टाकत्यात, 'भरून ठिव' म्हनत्यात. पत्र्यावर खाडाखोड दिसली व्हती मला. पर गिऱ्हाइकाला तोंडावर कसं इचारायचं, कुनाची म्हनून? भीड पडती."

नाना त्याच्याकडं बघतच राहिले. मग स्टँडपर्यंत दोघं बरोबर चालत गेले.

चिमाजीनं बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं टाकलं. यात्रेत भावकीची पंगत बसली तेव्हा नानांना हाक आली नाही. बांधावर समोरासमोर आले तर चिमाजी आभाळाकडं बघायचा. तीस वर्षं एकाच चहात दोघांनी पाव बुडवला होता. नानांना रात्री झोप येईना. आपण खरं बोललो याचं समाधान वाटेल असं त्यांना वाटलं होतं, ते काही येईना.

"मोकळं वाटतंय का?" ठमाबाईनं विचारलं.

"न्हाई. त्याची सय येती."

"मग जावा की त्याच्याकडं."

"बोलू काय?"

"ते तुमच्या त्या मेलीत बगा," ठमाबाई म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी नाना सेंटरात आले. प्रतीक्षाला आनंद झाला. तिनं खेळ लावला. पावणा काळ्या पाण्याच्या गावाबाहेर उभा होता, पुढं जंगलाची वाट.

"चला, आता राणीच्या शहरात जाऊ."

"न्हाई. माघारी घे. मुखियाच्या दारात."

पावणा दारात गेला. मुखिया म्हणाला, तुझं-माझं काही बोलणं नाही. खाली एकच ओळ उमटली. "निरोप घे," प्रतीक्षानं वाचली. नानांनी पुन्हा जायला लावलं. दिवस बदलून लावलं, पाऊस पडताना लावलं, पावण्याला दारात रात्रभर उभा करून सकाळी लावलं. तेच वाक्य, तीच एक ओळ.

"वगळत न्हाईस ना?" नानांनी विचारलं.

"शपथ, नाना. एकच आहे. लिहिणाऱ्यानं इथं पुढं काही लिहिलेलंच नाही. त्याला वाटलं असणार, इथून माणूस पुढच्या गावाला जाणार. परत कोण येतंय?"

नाना हसले, बऱ्याच दिवसांनी. "मंग त्याला गावाकडचं कायबी ठाव न्हाई," ते म्हणाले आणि उठले. यूपीएस ओरडू लागला होता. लाइट गेली होती.

जीपमधून उतरून ते घरी गेले नाहीत. सरळ चिमाजीच्या मळ्यात गेले. उन्हं कलली होती. चिमाजी ओट्यावर लसूण निवडत बसला होता. नानांना बघून तो उठला आणि आत गेला. नाना ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. काय बोलायचं ते त्यांना अजून सुचलं नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कुत्रं येऊन पाय हुंगून गेलं. बसून बसून त्यांनी समोरच्या बागेच्या ओळी मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

बऱ्याच वेळानं चिमाजीची सहा वर्षांची नात संस्कृती दारात आली. दोन्ही हातांत तांब्या, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढलेली. पाठोपाठ आतून चिमाजीचा आवाज आला, भिंतीशी बोलल्यासारखा.

"पानी पिऊन जा म्हनावं त्याला."

'जा'ही त्यात होतं. नानांना ते नीट ऐकू आलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सावकाश, एकही थेंब न ठेवता पाणी प्यायलं. पाणी गार होतं, विहिरीचं, नव्या मोटरीनं वर आलेलं. रिकामा तांब्या त्यांनी पोरीच्या हातात दिला.

"आज्याला सांग," ते आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "उद्याबी तहान लागनार हाय मला."

आतून 'नको' आलं नाही. नाना उठले, धोतर झटकलं आणि बांधाबांधानं घराकडं निघाले.